उडतीं जुनीं लढाऊ विमानें: जीर्णोद्धार कीं नवी नक्कल?

लढाऊ विमानांचा विषय या त्रैमासिकांत पाहून कित्येक वाचक कपाळास आठ्या घालतील. ज्या पानांवर सनदा, महजर, शकावल्या आणि शिलालेख यांची चर्चा व्हावयाची, तेथें यंत्रांचें काय काम, असें ते विचारतील. आमचीहि पहिली भावना तीच होती. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी विलायतेहून आला असतां त्यानें एका विमानमेळ्याचीं छायाचित्रें आम्हांस दाखविलीं, आणि त्यांतील एका विमानावर बोट ठेवून म्हटलें, "गुरुजी, हें आपल्या काशीचें विमान." त्या एका वाक्यानें आमचें कुतूहल जागें झालें. पुढें जो शोध घेतला त्यावरून अशी खात्री झाली कीं, मूळ वस्तु म्हणजे नेमकें काय, हा जो प्रश्न हस्तलिखितें गोळा करणाऱ्यांपुढें नित्य उभा असतो, तोच या विमानभक्तांपुढें अधिक मोठ्या खर्चानें व जिवाच्या जोखमीनें उभा आहे.

हें विमान म्हणजे हॉकर हरिकेन, क्रमांक आर ४११८. हरिकेनचें पहिलें उड्डाण ता. ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं झालें; सिडनी कॅम हे त्याचे रचनाकार. या जातीचीं चौदा हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. १९४० सालच्या ब्रिटनवरील हवाई संग्रामांत कीर्ति स्पिटफायरची अधिक झाली. परंतु शत्रूचीं विमानें अधिक पाडलीं तीं हरिकेनांनींच. आर ४११८ हें त्या संग्रामांत ६०५ व्या पथकाकडे होतें व त्यानें युद्धाच्या ४९ फेऱ्या केल्या. १९४३ च्या अखेरीस तें हिंदुस्थानाकडे रवाना झालें. युद्ध संपल्यावर तें काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठीं देण्यांत आलें, आणि कालांतरानें तेथल्याच आवारांत ऊनपाऊस खात उभें राहिलें. १९८२ सालीं पीटर व्हॅचर या इंग्रज गृहस्थांनीं तें पाहिलें. पुढें अनेक वर्षें चिकाटीनें खटपट करून त्यांनीं तें मिळविलें व स्वदेशीं नेलें. डिसेंबर १९०४ नव्हे, तर २००४ मध्यें, म्हणजे संग्रामानंतर चौसष्ट वर्षांनीं, तें पुन्हा आकाशांत गेलें. शेकडों लोक ज्याच्या जवळून रोज जात असत त्या वस्तूचा क्रमांक वाचून तिचें कुळ ओळखणारा मनुष्य परदेशांतून यावा लागला, हें वाचतांना वाण्याच्या दुकानीं रद्दीच्या भावानें गेलेल्या दप्तरांची आठवण कोणास होणार नाहीं?

आतां या छंदाची बाजू प्रथम मांडणें न्यायाचें होईल. विमानभक्त म्हणतात कीं, विमान हें उडण्यासाठींच निर्माण झालें. पदार्थसंग्रहालयांत दोरीमागें उभें केलेलें विमान म्हणजे तारा काढून ठेवलेली वीणा होय. या म्हणण्यांत तथ्य आहे. वेदपठणाची परंपरा केवळ पोथ्या जपल्यानें टिकली नसती. ती गुरुमुखांतून शिष्याच्या कंठांत उतरत राहिली म्हणून टिकली. कारागिराच्या हातांतील ज्ञानहि असेंच आहे. हरिकेनचा सांगाडा पोलादी व हलक्या धातूच्या नळ्यांचा, त्यावर लांकडी पट्ट्या, आणि त्यांवर रोगण देऊन ताणलेलें कापड. हें काम करणारे हात नाहींसे झाले असते तर नुसत्या नकाशांवरून तें पुन्हा साधलें नसतें. मॉस्किटो नांवाचें विमान तर बहुतांशीं लांकडाचेंच होतें. त्याचें धड साच्यावर दोन अर्ध्या शिंपल्यांप्रमाणें घडवून मग जोडीत असत. हे साचे न्यूझीलंडमध्यें ग्लिन पॉवेल यांनीं नव्यानें तयार केले, आणि त्यांच्या आधारें सिद्ध झालेलें केए ११४ क्रमांकाचें मॉस्किटो २०१२ च्या सप्टेंबरांत उडालें. लुप्त झालेली एक विद्या त्यामुळें परत आली. शिवाय आर ४११८ मधून लढलेले बॉब फॉस्टर हे वैमानिक वृद्धपणीं आपलें विमान सज्ज झालेलें पाहूं शकले. असा योग कोणत्या बखरकाराच्या नशिबीं असतो?

इतकें मान्य करूनहि आमचे आक्षेप उरतात. पहिला आक्षेप वस्तूच्या ओळखीविषयींचा आहे. पी ९३७४ क्रमांकाचें स्पिटफायर घ्या. तें २४ मे १९४० रोजीं फ्रान्समध्यें कॅलेच्या समुद्रकांठीं उतरलें व वाळूंत गडप झालें. १९८० सालीं तें वाळूवर दिसूं लागलें. २०११ सालीं तें पुन्हा उडालें. आणि २०१५ च्या जुलैंत लंडनच्या लिलांवांत एकतीस लक्ष पौंडांस विकलें गेलें. चाळीस वर्षें खाऱ्या पाण्यांत कुजलेला पत्रा उड्डाणाचा ताण सोसूं शकत नाहीं, हें उघड आहे. म्हणजे आज उडणाऱ्या यंत्राचा बहुतेक भाग नवा असणें अपरिहार्यच होय. या व्यवहारांत विमानाची ओळख त्याच्या क्रमांकावर, कागदपत्रांवर आणि पुष्कळदां कारखान्याच्या एका लहानशा पट्टीवर चालते. आमच्या धंद्याच्या भाषेंत सांगावयाचें तर पुष्पिकेचें एक पान जुनें व बाकीची पोथी नवी लिहिलेली, अशी ही प्रत आहे. अशी पोथी कोणी शके अमुकची म्हणून दाखविली तर आपण तिला काय म्हणूं?

यावर कोणी पुरीच्या जगन्नाथाचें उदाहरण देईल. तेथें नवकलेवराच्या वेळीं, जसें तें १९९६ व २०१५ सालीं झालें, निंबाच्या नव्या मूर्ति घडवून जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ त्यांत ठेवतात, आणि देव तोच राहतो. उदाहरण समर्पक आहे. परंतु तें आमच्याच पक्षाचें आहे. पुरीस लांकूड बदललें हें कोणी लपवीत नाहीं. बदलणें हाच तेथला विधि आहे, आणि जुन्या मूर्तींस विधिपूर्वक भूमींत समाधि देतात. शिवाय तेथें प्रश्न श्रद्धेचा आहे. आमचा प्रश्न प्रमाणाचा आहे. १९४० सालच्या कारागिरानें रिव्हेट कसा ठोकला, घाईंत कोठें डागडुजी केली, गोळी कोठून शिरली, हें जुना पत्रा सांगूं शकतो. नवा पत्रा आजच्या कारागिराचें कौशल्यच सांगेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उडणारी वस्तु पडूं शकते. २१ जुलै १९९६ रोजीं इंग्लंडांत बार्टन येथें, त्या काळीं जगांत उडत असलेलें एकमेव मॉस्किटो कोसळलें व आंतील दोघे मरण पावले. १२ नोव्हेंबर २०२२ रोजीं अमेरिकेंत डॅलस येथील मेळ्यांत एक पी-६३ जातीचें लढाऊ विमान बी-१७ या बाँबफेकी विमानावर आदळलें; सहा माणसें गेलीं आणि दोन्ही विमानें नष्ट झालीं. मनुष्याच्या प्राणापुढें वस्तूची हानि बोलून दाखवूं नये, हें आम्ही जाणतों. तथापि एकमेव प्रत प्रवासांत पाठवूं नये हा नियम आपण कागदासाठीं पाळतों. तो यंत्रासाठीं शिथिल कां व्हावा? याच्या उलट वाट इंग्लंडांतील शाही हवाई दलाच्या संग्रहालयानें दाखविली आहे. नॉर्वेंतील एका सरोवराच्या तळाशीं पडलेलें हॅलिफॅक्स विमान १९७३ सालीं वर काढून त्यांनीं तें जसें सांपडलें तसेंच ठेविलें. २०१३ सालीं समुद्रांतून काढलेल्या जर्मन डॉर्नियर विमानावरहि क्षार धुऊन काढण्याचेच उपचार केले. हीं विमानें कुरूप दिसतात, पण खोटें बोलत नाहींत.

उत्साह प्रमाणाच्या पुढें धांवला म्हणजे काय होतें याचा नमुना ब्रह्मदेशांत दिसला. युद्धाच्या अखेरीस रंगूनजवळ पेट्यांत भरून अनेक स्पिटफायरें पुरून ठेवलीं आहेत, अशी दंतकथा ऐकीव साक्षींवरून पसरली. २०१३ च्या आरंभीं तेथें खोदकाम झालें, आणि एकहि विमान निघालें नाहीं. पुरलेल्या हंड्यांच्या गोष्टी आपल्या वाड्यांतूनहि कमी नाहींत. म्हणून आपण त्यांस हंसण्याचें कारण नाहीं.

किंबहुना या सर्व प्रकरणांत दोष दाखविण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वीं आमच्या संग्रहांत धर्मशास्त्रावरील एक पोथी आली. तिच्या कडा फाटलेल्या, पानें विषम. ती नीटनेटकी दिसावी या हौसेनें आम्ही ती एका बांधणाऱ्याकडे दिली. त्यानें चारी बाजूंनीं पानें कापून सारखीं केलीं व वर रेशमी वेष्टण घातलें. पोथी फारच देखणी झाली. परंतु समासांत निराळ्या हातानें लिहिलेल्या ज्या टिपा होत्या त्या कातरणांबरोबर गेल्या. त्या आम्ही उतरूनहि घेतल्या नव्हत्या. ती पोथी आजहि उघडवत नाहीं. देखणेपणाचा मोह काय करतो हें आम्ही त्या दिवशीं शिकलों.

तेव्हां आमचें मत असें: पुन्हा उडविलेलें विमान ही तुच्छ वस्तु नव्हे, पण ती मूळ प्रत नव्हे, ती संपादित आवृत्ति आहे, आणि आवृत्तीस जे नियम लागूं ते तिला लागूं व्हावेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या आवृत्तींत, जिची मांडणी डॉ. सुखटणकर यांनीं घालून दिली, सिद्ध केलेली संहिता वर असते व पाठभेद खालीं असतात. ज्यास संपादकाचा निर्णय पटत नाहीं त्यास तपासण्याची वाट मोकळी राहते. त्याचप्रमाणें कोणता भाग जुना, कोणता दुसऱ्या विमानाचा, कोणता नवा, याची यादी प्रत्येक विमानाबरोबर प्रसिद्ध व्हावी. काढलेला भाग, कितीहि गंजलेला असो, फेंकून न देतां क्रमांक घालून ठेवावा. आणि जातींतील एकच नमुना उरला असेल तर तो जमिनीवरच असावा. आकाशांत त्याची नक्कल जावी. व्हॅचर यांनीं आपल्या विमानाचा इतिहास पुस्तकरूपानें छापला, हें या दिशेनें टाकलेलें चांगलें पाऊल आहे.

शेवटीं आमच्या वाचकांस एक विनंति. आपल्या गांवच्या तंत्रशाळेच्या, गिरणीच्या किंवा जुन्या संस्थानच्या आवारांत एखादें यंत्र गंजत पडलेलें असेल तर त्यावरील पट्टी वाचून क्रमांक व वर्ष टिपून घ्यावें, छायाचित्र काढावें, आणि भंगारवाला येण्यापूर्वीं मंडळास कळवावें. काशीचें विमान ओळखणारा परका होता. पुढचें ओळखणारा आपल्यांतला असावा.