१४ दिवसांचं एक पान

शुगर मोजणारा सेन्सर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न किमतीचा येतो, आणि तो रास्तच आहे. पण त्याआधी त्या सेन्सरमधून निघणारं पान वाचायला शिकावं. त्याला एजीपी (ॲम्ब्युलेटरी ग्लुकोज प्रोफाइल) म्हणतात. रॉजर मॅझी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ही मांडणी पुढे आणली. दवाखान्यातल्या कागदांत इतका देखणा कागद मला दुसरा दिसलेला नाही.

१४ दिवस एकावर एक रचून त्यांचा एकच दिवस केलेला असतो. मधली ठळक रेघ म्हणजे मध्यक. निम्मी मोजणी तिच्या वर, निम्मी खाली. तिला लागून असलेला गडद पट्टा नेहमीचं वागणं सांगतो, बाहेरचा फिकट पट्टा कधीमधीचं. नवखा रेघ बघतो, जाणकार पट्ट्याची रुंदी बघतो. दुपारच्या भातानंतर रेघ चढली, पण पट्टा चिंचोळाच राहिला, तर चूक रोज तीच आहे. ती सुधारणं सोपं. पट्टा फाकला असेल, तर माणसाचा एक दिवस दुसऱ्यासारखा नाही. गगनबावड्यासारख्या पावसाळी घाटमाथ्यावर हे नवल नव्हे. आज दिवसभर चिखलात रोपलावण, उद्या पाऊस इतका की उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. एचबीए१सी ही रक्ततपासणी म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरचा ठोकताळा. त्यात हे सगळं विरघळून जातं.

माझी नजर मात्र पहाटेवर खिळते. फिकट पट्ट्याची खालची कड ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली उतरली असेल, तर दोन शक्यता. दिवसभर लावण करून रात्री इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं, आणि शुगर खरंच लो झाली. नाहीतर माणूस सेन्सरच्याच दंडावर झोपला. सेन्सरची केसासारखी तार रक्तात नसते, कातडीखालच्या द्रवात असते. अंगाचा दाब आला की आकडा खोटाच घसरतो. शिवाय हा द्रव रक्ताच्या पाचदहा मिनिटं मागं असतो. म्हणून घाम फुटला, हात थरथरले आणि आकडा मात्र ठीक दिसला, तर बोट टोचून बघावं. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बहुतेक प्रौढांची शुगर ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० मध्ये असावी, आणि ७० खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ. मी तो दुसरा आकडा आधी वाचतो.

आता निवड. पहिला फ्रीस्टाइल लिब्रे स्वतःहून ओरडत नाही; त्याच्यावर रीडर धरावा लागतो. तो शेवटच्या ८ तासांचंच लक्षात ठेवतो, त्यामुळं त्याहून उशीर झाला की आलेखात भोक पडतं. घाटमाथ्याला त्याचा एक गुण मोलाचा: रीडरला रेंज लागत नाही. तरीही इन्सुलिनवर असलेल्या, रात्री लो होणाऱ्या माणसाला मी तो सुचवणार नाही. त्याला झोपेतून उठवणारा अलार्मच हवा, चार पैसे जास्त गेले तरी. गोळ्यांवर भागणाऱ्याला बारमाही सेन्सर लावायची गरज बहुधा नसते. डॉक्टरांना विचारून वर्षात दोन पंधरवडे लावावा: एक लावणीतला, तेव्हा घामापावसात सुटू नये म्हणून वरून जादा चिकटपट्टी मारून; दुसरा ऊस तुटायच्या दिवसांतला.