हट्ट्यातली आरएक्स आणि तिची राखण

त्या यामाहा आरएक्स १००ची नंबर प्लेट आधी वाचावी. गाव हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. हिंगोलीच्या गाड्यांना एमएच-३८ मिळतो. हिच्यावर मात्र एमएच-२२ आहे, म्हणजे परभणी. नवख्या माणसाला वाटेल, गाडी बाहेरून विकत आणलेली दिसते. तसं नाही. आपल्याकडे आरएक्स १०० तयार झाली ती १९८५ ते १९९६ या काळात, आणि परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला १ मे १९९९ रोजी. त्यामुळे वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या मूळ मालकाच्या आरएक्सवर एमएच-२२ असणं हेच तिच्या खरेपणाचं पहिलं लक्षण. त्याहून जुनी असेल तर एमएचच नाही, तीन अक्षरी जुनी मालिका. पण एखाद्या आरएक्सवर एमएच-३८ दिसला, तर व्यवहार थांबवून आधी कागद मागावेत. गाडी परराज्यातून आली असेल, किंवा नंबरात काही काळंबेरं असेल.

जुन्या स्पोर्ट्स कारचे मालक जगभर ज्या धास्तीने रात्री गॅरेजला कुलूप घालतात, ती धास्ती मराठवाड्यात आरएक्सच्या वाट्याला आली आहे. आमच्याकडचं वेगाचं, तारुण्याचं वाहन हेच. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. या तीन आकड्यांच्या मेळातून तिचा तो पिकअप येतो. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या तंत्रावर ती इथे बांधली, प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी ती थांबली. आता नवी आरएक्स १०० होणार नाही. जेवढ्या उरल्या तेवढ्याच. चांगल्या राखलेल्या गाडीला लाखाच्या वर भाव मिळतो, आणि त्याच कारणाने ती चोराच्याही डोळ्यांत भरते. शिवाय पूर्ण गाडी विकायचीही गरज नाही. ब्लॉक, कार्बोरेटर, टाकी, कंपनीचा मूळ सायलेन्सर, सगळ्याला सुटं गिऱ्हाईक आहे.

चावीत चिप आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, ही इमोबिलायझरची व्यवस्था युरोपात नव्या मोटारींना १९९८ पासून सक्तीची झाली. त्याच्या बऱ्याच आधीची कुठलीही देखणी गाडी, मग ती पोर्शे असो की आरएक्स, कापलेल्या पत्र्याच्या एका चावीच्या भरवशावर उभी असते. म्हणून जुन्या गाडीची राखण विकत घेता येत नाही, ती रचावी लागते. हट्ट्यातली ही रचना मला फार आवडते. तिच्यात महागडं काहीच नाही, पण प्रत्येक गोष्ट गाडीचा स्वभाव ओळखून केलेली आहे.

घर जुन्या पद्धतीचं, माळवदाचं. गाडी उभी असते ढाळजेत. बाहेरचा दरवाजा जाड सागवानी, आतून आगळ. आगळीचं मला विशेष कौतुक वाटतं, कारण तिला बाहेरून चावीचं भोकच नाही. भिंतीतल्या खोबणीतून दांडा सरकतो आणि दरवाजाच्या मागे आडवा येतो. कुलूप फोडण्याची विद्या इथे चालत नाही, दरवाजाच फोडावा लागतो, आणि तो फुटला तर अर्धी गल्ली उठते.

ढाळजेच्या भिंतीत, गुडघ्याच्या वर, दगडात शिसं ओतून बसवलेली एक लोखंडी कडी आहे. पूर्वी तिथे जनावर बांधत. आता त्या कडीतून साखळी येते, गाडीच्या मागच्या चाकातून आणि स्विंगआर्ममधून फिरते आणि वरच कुलपात बंद होते. साखळी ताणलेली, कुलूप जमिनीपासून वर लटकतं. हा तपशील डोळ्यांत भरत नाही, पण सगळी अक्कल त्यात आहे. कुलूप फरशीवर पडलेलं असेल तर हातोड्याला खाली फरशीचा आधार मिळतो. हवेत लोंबणाऱ्या कुलपावर घाव बसतच नाही. आणि साखळी नुसती चाकाला घातलेली असती तर काय झालं असतं? शंभर किलोची गाडी दोन माणसं उचलून टेम्पोत टाकतात. कडी ही इथली मुख्य गोष्ट आहे, साखळी तिच्यानंतर.

बाजारात मिळणाऱ्या डिस्क लॉकला या गाडीवर जागाच नाही. आरएक्स १००ला पुढेमागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक. हँडल लॉक आहे, पण त्याची दांडी बोटाएवढीही नाही, आणि जुन्या गाड्यांत ती झिजलेली असते. हँडल लॉक लावावं, जरूर लावावं, पण त्याच्यावर विसंबून झोपू नये.

आता चावीकडे येऊ. या गाडीच्या राखणीतला सगळ्यात रसाळ भाग इथे आहे. मोटारीत चावी फिरवली की बॅटरीचा करंट पुढे जातो आणि गाडीत जीव येतो. आरएक्सचं इग्निशन बॅटरीवर चालत नाही. मॅग्नेटो फिरतो, त्यातूनच वीज तयार होते, सीडीआय ती साठवते आणि नेमक्या क्षणी प्लगकडे सोडते. बॅटरी काढून ठेवली तरी किक मारल्यावर इंजिन बोलतं. मग चावी करते काय? बंद स्थितीत ती सीडीआयची एक वायर बॉडीला लावून ठेवते, अर्थिंग देते, त्यामुळे ठिणगी पडत नाही. या गाडीची चावी इंजिनाला जीव देत नाही, फक्त त्याचं तोंड दाबून धरते. ते दाबणं सुटलं की गाडी मोकळी. हे चोराला ठाऊक असतं, म्हणून आरएक्सच्या चावीचं कुलूप कितीही भारी बसवलं तरी राखणीत भर पडत नाही.

मालकाने याच स्वभावाचा उपयोग करून घेतला आहे. गाडीत एक चोर-स्विच आहे. कुठे आहे ते मी लिहिणार नाही. पण तो कसा जोडला आहे हे सांगण्यासारखं आहे, कारण त्यात दोन मार्ग होते आणि त्याने विचार करून एक निवडला. पहिला मार्ग म्हणजे ठिणगीकडे जाणारी वायर मधेच तोडून तिथे स्विच बसवायचा. हा खात्रीचा वाटतो, पण टू-स्ट्रोकच्या थरथरीने आणि पावसाळ्याच्या ओलीने त्या स्विचचा काँटॅक्ट कधीतरी सुटणार, आणि सुटला की गाडी भर रस्त्यात बंद. दुसरा मार्ग म्हणजे चावी जे काम करते तेच काम करणारा आणखी एक स्विच, पण चावीच्या कपलरपाशी नाही, थेट सीडीआयच्या जवळ. चावीकडची वायर कोणी सोडवली तरी हा आपला अर्थिंग देतच बसलेला. आणि हा खराब झाला तर? गाडी चालू राहते. मालक अडकत नाही. एवढंच, की त्या रात्री राखणीचा एक पदर कमी असतो. मला ही निवड मोठी सुंदर वाटते. राखण अशी असावी की चुकली तरी ती धन्याला छळणार नाही.

त्या स्विचची वायर मी हातात घेऊन पाहिली आहे. जुन्या वायरिंगच्याच रंगाची, त्याच जाडीची, वरची काळी नळीही तितकीच कडक झालेली. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीची वायर काढून लावलेली आहे. तीस वर्षांच्या धुळकट वायरिंगवर नवी चकचकीत टेप गुंडाळली असती, तर लपवलेला स्विच कुठे आहे हे त्या टेपनेच दाखवलं असतं. वसमतच्या ज्या मिस्त्रीने हे काम केलं तो मालकाला म्हणाला होता, “मामा, चोरापाशी टाइम नसतो. त्याला पाच मिनिटं गाडी समजली नाही, की तो दुसरी बघतो.”

काही लोक रात्री प्लगची टोपी काढून खिशात घालतात. हा उपाय मला मान्य नाही. एक तर तो सगळ्यांना माहीत आहे. दुसरं, टोपी नसताना कोणी किका मारत राहिला तर तयार झालेल्या विजेला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि कॉइल किंवा सीडीआय जळू शकतो. चोर रिकाम्या हाताने जातो, पण सकाळी गाडी आजारी. त्यापेक्षा पेट्रोलचा कॉक बंद करणं बरं. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडं अंतर जाते आणि आचके देत थांबते. घाबरलेल्या माणसाला कॉक आठवत नाही. हट्ट्यातल्या या घरात कॉक बंद करणं हे चपला काढण्याइतकं अंगवळणी पडलेलं आहे.

फेब्रुवारी-मार्च आला की ही सगळी घडी विस्कटते. वसमतचा भाग हळदीचा. काढणी, शिजवणं, मग उन्हात पसरलेली हळद. घरातली निम्मी माणसं रात्री शेतातल्या आखाड्यावर राखणीला. गाडीही तिकडेच. तिथे आगळ नाही, दगडातली कडी नाही. साखळी लिंबाच्या बुंध्याला जाते, आणि गाडी झोपणाऱ्याच्या बाजेपासून हातभर अंतरावर. औंढा नागनाथला महाशिवरात्रीच्या यात्रेत किंवा वसमतच्या बाजारात तर तेवढंही नाही. शेकडो गाड्यांच्या रांगेत ती एकटी. तेव्हा चोर-स्विच, कॉक आणि हँडल लॉक एवढ्या तिघांवर भार असतो. बाजारात मालक गाडी कडेला लावत नाही, रांगेच्या मधोमध लावतो. आजूबाजूच्या गाड्या हलवल्याशिवाय ती निघत नाही.

जीपीएस ट्रॅकर बसवावा की नाही यावर त्याच्या मुलाशी माझं एकमत नाही. मुलाला तो हवा आहे. माझं म्हणणं, आरएक्सची बॅटरी आधीच छोटी. गाडी आठवडाभर उभी राहिली तर ट्रॅकर ती पिऊन टाकतो, आणि मग हॉर्न नाही, इंडिकेटर नाही. स्वतःची बॅटरी असलेला, महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करायचा ट्रॅकर असेल तर माझी हरकत नाही. पण तो चार्ज करायची आठवण कोण ठेवणार, हा प्रश्न घरात अजून सुटलेला नाही.

सगळं करूनही गाडी गेली तर काय, याचाही विचार इथे झालेला आहे, आणि रसिकाने तो जरूर पाहावा. विम्याकडून फारशी आशा नाही. थर्ड पार्टी विम्यात चोरी बसतच नाही, आणि एवढ्या जुन्या गाडीची किंमत विमा कंपनी व मालक यांनी आपसात ठरवायची असते. म्हणून इथला भर आहे तो गाडी ओळखता येण्यावर. आरसी बुकाच्या पाकिटात चेसिस नंबरचा आणि इंजिन नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा आहे. कागद नंबरावर धरायचा, शिसपेन्सिल आडवी घासायची, की प्रत्येक अंक उमटतो, त्याच्या कोपऱ्यातला खड्डासुद्धा. कोणी पुढे नंबर खोडून नवा ठोकला तर या कागदाशी तो जुळणार नाही. शिवाय ब्लॉकच्या एका फिनच्या आत, टाकीच्या बुडाला आणि सायलेन्सरच्या ब्रॅकेटवर सेंटर पंचने मारलेले तीन-तीन ठिपके. गाडी सुटी होऊन विकली गेली तरी तुकडे बोलतील. नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागली आहे. ॲल्युमिनियमची, अशोकचक्राच्या होलोग्रामची, लेसरने क्रमांक कोरलेली आणि एकदा बसवल्यावर स्क्रू फिरवून न निघणारी. नंबर तोच, एमएच-२२.

गाडी सापडल्यावरचाही एक टप्पा असतो आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. जप्त गाडी हा मुद्देमाल. ती सुपूर्दनाम्यावर परत मिळवण्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. जप्त वाहनं वर्षानुवर्षं पोलिस ठाण्याच्या आवारात गंजत पडू नयेत, पंचनामा, फोटो आणि हमीपत्र घेऊन ती लवकर परत द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सांगितलेलं आहे. हट्टा गावात पोलिस ठाणं आहे, म्हणजे फिर्याद द्यायला लांब जावं लागणार नाही. पण ठाण्यात आणि कोर्टात दोन्हीकडे आधी कागद मागतात. मालकाने आरसी, विमा, पेन्सिलचा ठसा आणि ठिपक्यांचे जवळून काढलेले फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले आहेत. एकच गोष्ट मला खटकते: ती पिशवी गाडीच्याच साइड बॉक्समध्ये असते. ती घरातल्या लोखंडी कपाटात जायला हवी, आणि गाडीत फक्त झेरॉक्स.