मोहोर, कागडा आणि भूकमळे : वसईच्या ऋतुभानाविषयी

मराठी काव्यविचारात ऋतूंची एक उतरंड फार पूर्वीच ठरून गेली आहे. नवनिर्मिती वसंताची, विरह आणि तृप्ती वर्षेची, शिशिराच्या वाट्याला पानगळ. बा. सी. मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहाचे नाव 'शिशिरागम' (१९३९) असावे आणि ते वाचताक्षणीच ओहोटीची भावना मनात उमटावी, यात कवीइतकाच या संकेताचाही वाटा आहे. संस्कृत ऋतुवर्णनाने तो घडवला आणि इंग्रजी रोमँटिक कवितेच्या वाचनाने तो घट्ट केला. प्रश्न असा की, ज्या भूमीत हिवाळा मुळी मरणाचा ऋतू नाही, तेथील लेखकाने या संकेताचे काय करावे?

वसई तालुक्यातील नंदाखाल हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे जन्मगाव. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. त्यांच्या एका ललित पुस्तकाचे नाव 'सृजनाचा मोहोर' असे आहे. हे शीर्षक वरवर पाहता रूढ वाटते. 'मोहोर' म्हणजे बहर, बहर म्हणजे वसंत, असा अर्थ वाचक सवयीने लावून मोकळा होतो. परंतु आम्रमंजरीला वसंताच्या स्वाधीन करून मदनाच्या पाच बाणांत बसवले ते संस्कृत कवींनी. कोकणपट्टीतला आंबा हा संकेत पाळत नाही. तेथे मोहोर थंडीबरोबर येतो. मार्गशीर्ष-पौषात पहाटे गारवा धरू लागला की झाड फुटते, आणि चैत्र उजाडेपर्यंत त्याच फांद्यांना कैऱ्या लोंबू लागतात. म्हणजे या प्रदेशात सृजनाचा आरंभ हिवाळ्यात आहे; वसंत त्याचा उत्तरार्ध आहे.

शिवाय बागाईतदाराच्या लेखी 'मोहोर' हा निर्भेळ आनंदाचा शब्द नाही. मळभ आले, धुके रेंगाळले की तुडतुडे आणि भुरी यांचे भय उभे राहते. एका रात्रीत मोहोर काळा पडतो. हजारो फुलांतून मोजकी फळे धरतात. सृजनाला 'मोहोर' म्हणणाऱ्या लेखकाला ही काळजी वगळता येत नाही, निदान तो वाडीत वाढलेला असेल तर येत नाही. 'बहर' या शब्दात ही धास्ती उरली नाही, कारण भावगीतांनी त्याला झाडापासून केव्हाच तोडून नेले आहे.

पंचांगाचीही येथे अडचण आहे, आणि ती उद्बोधक आहे. मराठी लोकव्यवहारात पौष हा भाकड महिना. त्यात लग्ने होत नाहीत. वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या उपासनावर्षात मात्र नाताळापूर्वीचा आगमनकाळ संयमाचा असतो, आणि नाताळ उलटला की उपवासकाळ सुरू होईपर्यंत लग्नसराई. एकाच भूमीवर एकाच थंडीला दोन कालगणना दोन अर्थ देतात. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'ने (१९५६) बारा मराठी महिन्यांच्या क्रमाने निसर्ग पाहायला शिकवले आणि ऋतुवर्णनाला ग्रांथिक संकेतांतून सोडवून निरीक्षणाकडे वळवले, हे त्या ग्रंथाचे ऐतिहासिक कार्य होय. त्यानंतर हिवाळ्याला निष्पुष्प म्हणणे हे निव्वळ अज्ञान ठरते. परंतु महिना हे एकक स्वीकारले की त्या महिन्याला चिकटलेले सांस्कृतिक अर्थही सोबत येतात. नाताळ या पोर्तुगीज वळणाच्या शब्दाने आपला हिवाळा मोजणाऱ्या समाजाचे ऋतुभान त्या चौकटीत पुरते मावत नाही.

या ऋतुभानाची खरी कसोटी मोहोरापेक्षा एका अगदी सामान्य फुलापाशी लागते. ते फूल म्हणजे कागडा. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळ्याचा. थंडीत मोगरा आखडला की गजऱ्यांची भिस्त कागड्यावर येते. मोगऱ्याला मराठीत घराणे आहे. ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगात तो फुलला, आणि फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराणा'त (१६१६) मराठीची थोरवी गाताना तिला फुलांतील मोगरीची उपमा दिली. कागड्याच्या वाट्याला असे काही आलेले नाही. त्याला मोगऱ्याचा दरवळ नाही, आणि बाजारभावाच्या फळ्यावर शोभेल असे त्याचे नाव. गंमत अशी की वनस्पतिकुळाने तो कुंदाचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. 'मेघदूता'त अलकेच्या स्त्रिया सहा ऋतूंची फुले एकाच वेळी लेतात, त्यांपैकी केसांत माळलेला कुंद हा थंडीचा प्रतिनिधी. ज्या फुलाला कालिदासाने अलका दिली, त्याच्या चुलतभावाला मराठी कवितेने दादरचा फूलबाजार दिला, आणि तोही कवितेबाहेरच.

कागड्याची कळी खुडतात, फूल नव्हे. ती पहाटे मिटलेली असतानाच वेचावी लागते. झुडपावर उमललेले फूल व्यापाराच्या दृष्टीने वाया गेले. विरारहून सुटणाऱ्या गाडीने ती दादरला पोचते, ओवली जाते आणि संध्याकाळी कुणा अनोळखी स्त्रीच्या केसांत उमलते. ज्याने झुडूप वाढवले त्याला उमलणे दिसतच नाही. दिसले तर ते नुकसान असते. 'फुलणे' या क्रियापदावर मराठी भावकवितेने उभारलेला सारा डोलारा येथे एकदम अडखळतो.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कांटच्या विचाराची जी सविस्तर चिकित्सा केली, तिचा येथे उपयोग होतो. कांटच्या लेखी फूल हे स्वतंत्र सौंदर्याचे ठळक उदाहरण: फूल कशासाठी असते हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक, पण तोही आस्वाद घेताना ते ज्ञान बाजूला ठेवतो. कांटच्या या दृश्यात दोनच माणसे आहेत, शास्त्रज्ञ आणि रसिक. कळी खुडणारी बाई त्यात नाही. तिला फुलाचे प्रयोजन नेमके ठाऊक आहे, ते बाजूला ठेवणे तिला परवडत नाही, आणि तरीही चांगली टपोरी कळी हाती लागली की तिची नजर क्षणभर थांबतेच. हे थांबणे निर्हेतुक आहे की हेतूतच रुजलेले? पाटणकरांच्या परिभाषेत अलौकिकतावादी टोकाला याचे उत्तर देता येणार नाही. लौकिकतावादी टोक उत्तर देईल, पण त्या क्षणाला उपयुक्ततेत विरघळवून टाकण्याचा मोह त्याला आवरावा लागेल. दैनंदिन सौंदर्याची चर्चा मराठीत बहुधा 'साध्या गोष्टींतला आनंद' अशा गोड शब्दांवर थांबते, ती ही अडचण टाळण्यासाठीच.

ख्रिस्ती मराठी लेखकापुढे आणखी एक पेच असतो. डोंगरावरील प्रवचनातील रानफुलांना मराठी बायबलने 'भूकमळे' हा शब्द दिला. पाण्यातले कमळ जमिनीवर आणणारा हा शब्द सुंदर आहे, पण तो वाचकाला स्वतःच्या अंगणातले कोणतेच फूल दाखवत नाही. मुळातील ग्रीक शब्दाने नेमके कोणते फूल अभिप्रेत होते याविषयी मतभेद आहेत. अनेक अभ्यासकांचा कल लाल अ‍ॅनिमोनीकडे आहे. तो कल ग्राह्य मानला तर हेही थंडीचेच फूल ठरते, कारण पॅलेस्टाइनात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि त्या ओलीवर गालीलच्या टेकड्या फुलतात. नाव कमळाचे मिळाले आणि हिवाळा वाटेत गळाला.

त्या प्रवचनातील फुले राबत नाहीत, सूत कातत नाहीत. निश्चिंततेचा तो दृष्टान्त आहे. वसईचे फूल मात्र दुसऱ्याच्या राबण्यातून येते. हा विरोध ज्या लेखनाला जाणवत नाही, त्यात फूल केवळ उदाहरण होऊन बसते. ईश्वराच्या औदार्याकडे बोट दाखवले की त्याचे काम संपते. 'फुलामुलांचे कवी' म्हणून गौरवलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांपासून हा धोका या परंपरेत आहे, आणि धर्मगुरूच्या ललित गद्यात तर तो उपजतच असतो. दिब्रिटोंचे लेखनही त्यापासून सर्वस्वी मुक्त आहे असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांचे गद्य प्रसन्न आहे, आणि पुष्कळदा ते ही प्रसन्नता फार लवकर गाठते.

तथापि त्यांच्या बाबतीत पुस्तकाबाहेरची एक संहिता वाचावी लागते. विहिरींचे पाणी टँकरने उपसून विकण्याविरुद्ध आणि हिरव्या पट्ट्यावर लादल्या जाणाऱ्या नागरीकरणाविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने जो लढा १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभारला, त्याच्या अग्रभागी हाच लेखक होता. विहीर आटली वा खारावली की कागडा आणि मोगरा दोन्ही जातात. निसर्गलेखन म्हणजे पलायन, हा जीवनवादी समीक्षेचा ठरलेला आक्षेप येथे लागू पडत नाही, कारण फुलाविषयी लिहिणे आणि पाण्याविषयी भांडणे ही एकाच माणसाची दोन कामे होती. पण म्हणून चळवळीचे पुण्य ललित निबंधाच्या खात्यावर जमा करता येत नाही. निबंधाचे मूल्य निबंधातच शोधावे लागेल: 'मोहोर' हा शब्द तेथे धास्तीसह आला आहे की धास्ती गाळून, एवढाच प्रश्न प्रत्येक निबंधाला स्वतंत्रपणे विचारायचा.

२००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. वाड्यांच्या जागी इमारती येण्याचा वेग या प्रशासकीय तारखांपेक्षा अधिक होता. अशा स्थितीत वसईच्या हिवाळ्याचे वर्णन, लेखकाच्या मनात नसतानाही, दस्तऐवज होत जाते. पुढच्या वाचकाला मार्गशीर्षातला मोहोर आणि पहाटेची कळी यांचा अर्थ तळटीप देऊन समजावावा लागेल, जसा आज अलकेतल्या लोध्राचा लागतो. कागड्याच्या बाबतीत तर ती तळटीप जोडण्यासाठी आधी कविता लिहिली जाणे आवश्यक आहे.