नाव, रूप आणि धोका : नॅनोपदार्थांच्या सुरक्षा-परिभाषेची चिकित्सा

नॅनोपदार्थांच्या सुरक्षित हाताळणीविषयी जे लेखन प्रसिद्ध होते, त्याचे परीक्षण रसायनशास्त्राच्या अगर वैद्यकाच्या अंगाने होते. भाषेच्या अंगाने ते क्वचितच होते. वास्तविक प्रयोगशाळेतील साहाय्यकापुढे प्रथम येतो तो पदार्थ नव्हे, तर त्याचे नाव. बरणीवरील चिठ्ठी आणि सोबतचे सुरक्षा-पत्रक वाचून तो मुखपट्टी लावावयाची की नाही हे ठरवितो. तेथे नाव चुकले तर पुढील साऱ्या सूचना दुसऱ्याच पदार्थाच्या ठरतात.

कार्बनच्या नॅनोनलिकांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या निबंधानंतर या नलिकांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. पुढे त्या विक्रीस आल्या, तेव्हा सुरुवातीच्या अनेक सुरक्षा-पत्रकांत त्यांना ग्राफाइटमध्ये जमा करण्यात आले व ग्राफाइटचीच मर्यादा त्यांना लावण्यात आली. तर्क वरवर निर्दोष होता, कारण दोन्ही कार्बनच. आता आकडे पाहावे. अमेरिकेत कृत्रिम ग्राफाइटच्या श्वसनयोग्य धुळीची कायदेशीर मर्यादा घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅम आहे. तेथील 'नायॉश' या संशोधन-संस्थेने नॅनोनलिकांसाठी २०१३ मध्ये सुचविलेली मर्यादा १ मायक्रोग्रॅम आहे. दोहोंत पाच हजार पटींचे अंतर पडते. पत्रक लिहिणारा खोटे बोलत नव्हता. त्याने जातिवाचक नाम योजले आणि व्यक्तीचे गुणधर्म जातीत बुडवून टाकले, इतकेच.

याच्या उलट प्रकारही घडला आहे. २००६ च्या मार्च महिन्यात जर्मनीत 'मॅजिक नॅनो' नावाचा घरगुती फवारा वापरल्यावर सुमारे शंभर लोकांना श्वसनाचा त्रास झाला. काहींना रुग्णालयात न्यावे लागले. नॅनोतंत्राचा हा पहिला मोठा अपघात अशी चर्चा झाली. तपासणीअंती त्या फवाऱ्यात नॅनोकण आढळलेच नाहीत. नलिकांच्या बाबतीत वस्तू होती आणि नाव नव्हते. येथे नाव होते आणि वस्तू नव्हती.

मग व्याख्या करून हा घोटाळा मिटावा, अशी अपेक्षा स्वाभाविक होय. युरोपीय आयोगाने २०११ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार ज्या पदार्थातील संख्येने निम्मे वा अधिक कण एखाद्या मितीत १ ते १०० नॅनोमीटर भरतात तो नॅनोपदार्थ. २०२२ मध्ये ती सुधारली, तरी निकष तोच राहिला. वजनाऐवजी संख्या मोजण्याचा आग्रह निश्चितच योग्य आहे. १० मायक्रोमीटर व्यासाचा कण फोडून १०० नॅनोमीटरचे कण केले, तर वजन तेवढेच राहते. परंतु एकाचे दहा लक्ष कण होतात आणि पृष्ठभाग शंभरपट वाढतो. शरीराशी संबंध येतो तो या पृष्ठभागाचा. परंतु ही व्याख्या आकारमान सांगते, आकृती सांगत नाही. क्रेग पोलंड, केन डोनल्डसन व सहकारी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लांब बहुभित्ती नलिका उंदरांच्या उदरपोकळीत टोचल्यावर ॲस्बेस्टॉससारखा दाह झाला. आखूड, गुंतलेल्या नलिकांनी तसा झाला नाही. टोचणे म्हणजे श्वासावाटे घेणे नव्हे, ही मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. तरीही धोका तंतूच्या जाडीइतकाच त्याच्या लांबीत आहे हे उघड झाले; आणि ती लांबी तर नॅनो नव्हेच! भक्षकपेशीला असा तंतू पुरता गिळता येत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये केवळ 'एमडब्ल्यूसीएनटी-७' या एका विशिष्ट नलिकेस संभाव्य कर्करोगकारकांच्या '२ब' गटात घातले, इतर नलिकांविषयी निर्णय राखून ठेवला. हा संयम भाषिक दृष्ट्याही अनुकरणीय होय.

मराठीत 'अब्जांश तंत्रज्ञान' हा शब्द घडविला गेला. तो रेखीव आहे. पण तोही केवळ मापच सांगतो. अधिक चिंतेचे आहेत ते आपले जुने, परिचित शब्द. मराठीत धूळ 'बसते', आणि बसलेली धूळ झाडावयाची असते. सुटा नॅनोकण मात्र तासन्‌तास हवेत तरंगतो, आणि सांडलेली भुकटी केरसुणीने झाडली की ती पुन्हा श्वासाच्या उंचीवर येते. तेथे ओले फडके अगर हेपा गाळणीचे शोषकयंत्र हवे. दाबाची हवा तर मुळीच नको. 'गाळणी' या शब्दाचाही असाच चकवा आहे. चहाच्या गाळणीवरून कोणासही वाटावे की कण जितका बारीक तितका तो निसटणार. तंतुमय गाळणीला सर्वांत अवघड जातो तो सुमारे ३०० नॅनोमीटरचा कण. त्याहून बारीक कण वेड्यावाकड्या गतीमुळे तंतूंवर आदळतात व अडकतात. मुखपट्टी बहुधा हरते ती तिच्या कापडात नव्हे, गालाशी राहिलेल्या फटीत.

युरोपीय रसायन-नियमांत १ जानेवारी २०२० पासून 'नॅनोरूप' ही संज्ञा लागू झाली असून नोंदणी करताना कणांचा आकार, आकृती आणि पृष्ठभागावरील प्रक्रिया सांगावी लागते. आतापर्यंतच्या संज्ञांत ही सर्वांत समर्पक होय, कारण ती पदार्थाच्या नावापाशी न थांबता रूपाची चौकशी करते. मात्र तीतही पदार्थाची प्रत्यक्ष अवस्था येत नाही. तीच नलिका द्रवात मिसळलेली असता हवेत जाण्याचा संभव कमी. कोरडी, सैल भुकटी असता फ्यूम हूडबाहेर तिचे झाकणही उघडू नये. बरणीवर 'कार्बन, बहुभित्ती नलिका, लांब, सरळ, कोरडी' असे लिहिण्यास एका ओळीहून अधिक जागा लागत नाही.