जुने फोटो आणि फुकटची फिल्टरं : काही आक्षेप, काही सूचना

मंडळाच्या मागच्या बैठकीत आपण जुन्या फोटोंचा एक कार्यक्रम केला. पडद्यावर डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे 'सुधारलेला'. निपाणी, संकेश्वर, खानापूर, बेळगाव अशा गावांतल्या घराघरांतून जमवलेले साठ-सत्तर फोटो होते. प्रत्येक उजव्या फोटोला टाळी पडत होती. मीही वाजवली. त्यातले काही फोटो माझ्याच हातचे होते, त्यामुळे जरा जास्तच वाजवली म्हणा.

घरी जाताना मात्र एक फोटो डोक्यातून जाईना. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतला. बायका ओळीनं बसल्यात, तोंडाला पदर बांधलेला, समोर तंबाखूचा ढीग. मूळ फोटो धूसर आहे, मागच्या रांगेतल्या बायका नुसत्या सावलीसारख्या दिसतात. आमच्या एका उत्साही मित्रानं त्यावर धुकं घालवणारं फिल्टर चालवलं. मागची रांग लख्ख दिसायला लागली, भिंत दिसली, खिडकी दिसली. सगळे म्हणाले, वा!

पण ते धुकं नव्हतंच की हो. ती तंबाखूची धूळ होती.

वखारीत काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती पहिल्यांदा धुळीचंच सांगेल. खोकला, डोळ्यांची आग, घरी गेलं तरी अंगाला येणारा वास. त्या फोटोत इतिहास म्हणून जे काही होतं ते त्या धुरकटपणातच होतं. पदर तोंडाला का बांधलाय, याचं उत्तर त्या हवेत होतं. आपण हवाच साफ करून टाकली, आणि उरल्या त्या विनाकारण तोंडं बांधून बसलेल्या बायका. हा लेख त्या अस्वस्थतेतून लिहितोय. कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही, कारण दोष द्यायचा तर निम्मा माझाच आहे.

ही साधनं काय आहेत

आपल्यापैकी बरेचजण जिंप हा मोफत प्रोग्रॅम वापरतात. त्याला जीमिक नावाचं प्लगिन जोडता येतं. फ्रान्समधल्या कां शहरातल्या ग्रेक या संशोधन प्रयोगशाळेत ते २००८ पासून तयार होत आलंय आणि त्यात शेकडो फिल्टरं आहेत. काहीजणांकडे अजून निक कलेक्शनची जुनी आवृत्ती आहे. २०१६ साली गूगलनं ती फुकट केली होती, पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि नव्या आवृत्त्या परत विकतच्या झाल्या. धुकं घालवायची सोय डार्कटेबल आणि रॉथेरपी या मोफत प्रोग्रॅमांत आहे. आता यात भर पडलीय ती चेहरा 'दुरुस्त' करणाऱ्या आणि आपोआप रंग भरणाऱ्या प्रोग्रॅमांची.

फुकट मिळतं म्हणून हे कमी दर्जाचं, असं अजिबात नाही. ओरखडा बुजवणं, पिवळटपणा कमी करणं, फिकट झालेली शाई वर आणणं ही कामं ही साधनं फार चांगली करतात. आपल्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला ती नसती तर हे काम सुरूच करता आलं नसतं. आक्षेप साधनांवर नाही. कुठलं फिल्टर फोटोत असलेलं दाखवतं आणि कुठलं नसलेलं आणून बसवतं, हा फरक आपण करत नाही, त्यावर आहे.

रंगांचं प्रकरण

बेळगावचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो कुठला असं विचारलं तर मी विवेकानंदांचा सांगेन. ऑक्टोबर १८९२ मध्ये ते बेळगावात होते, आधी भाटे वकिलांकडे आणि मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे. मित्रांच्या आग्रहावरून इथल्या एस. महादेव यांच्या स्टुडिओत त्यांचा फोटो काढला गेला. हातात दंड घेतलेला, उभा. शिकागोच्या आधी जवळजवळ वर्षभराचा हा फोटो, म्हणजे जगप्रसिद्ध होण्याआधीचा माणूस त्यात आहे.

आता हाच फोटो मोबाइलवर रंगीत होऊन फिरतो. कफनी कधी झेंडूसारखी, कधी विटकरी. चेहरा उजळ. गंमत अशी की हे रंग चुकण्याचं कारण फोटोतच आहे. १८९२ च्या आसपासच्या काचेच्या प्लेटांना लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. त्या मुख्यतः निळ्या प्रकाशाला आणि काही प्लेटा हिरव्याला दाद देत. सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटा बाजारात आल्या त्या विसाव्या शतकात. त्यामुळे त्या काळच्या फोटोत भगवा, लाल हे रंग प्रत्यक्षापेक्षा काळपट उतरतात, निळा पांढरट उतरतो आणि आपल्याकडच्या माणसांची कातडीही असते त्यापेक्षा गडद दिसते. रंग भरणाऱ्या प्रोग्रॅमला यातलं काही ठाऊक नसतं. तो करडा रंग बघतो आणि आजच्या फोटोंवरून अंदाज बांधतो. अंदाज बांधायला हरकत नाही, पण तो अंदाज आहे हे फोटोखाली कुठंच लिहिलेलं नसतं.

दुसरं उदाहरण याहून सरळ आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. शताब्दीच्या निमित्तानं त्या काळचे बरेच फोटो रंगवून फिरले. मला आलेल्या एका फोटोत झेंड्याला वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा असे पट्टे होते. १९२४ साली काँग्रेसच्या सभांत जो चरख्याचा झेंडा लावत, त्यात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा असे. केशरी रंग वर आला तो १९३१ मध्ये. म्हणजे एका फिल्टरनं सात वर्षांचा इतिहास मागे ढकलला. उद्या एखादा विद्यार्थी हाच फोटो पुरावा म्हणून दाखवेल, तेव्हा त्याला काय सांगणार?

चेहऱ्यांचं प्रकरण

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे वर्तमानपत्राचं कात्रण होतं, सीमाप्रश्नाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या एका मोर्चाचं. गर्दीत त्यांचा मोठा भाऊ. तो आता नाही आणि त्याचा दुसरा फोटोही घरात नाही. आजींना तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता.

वर्तमानपत्रातला फोटो म्हणजे ठिपके. मी भिंग लावून बघितलं, त्या माणसाचा अख्खा चेहरा पंचवीस-तीस ठिपक्यांत होता. त्यात डोळा म्हणजे एक काळा ठिपका, दुसरं काही नाही. मी चेहरा सुधारणारा फुकटचा प्रोग्रॅम चालवला आणि दोन मिनिटांत समोर एक देखणा तरुण उभा. पापण्या, ओठांच्या कडा, केसांचा भांगसुद्धा. मी तो छापून, फ्रेम करून नेला.

आजींनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "लई झ्याक हाय बाळा. पन ह्यो आमचा अण्णा न्हवं."

बरोबरच होतं. पंचवीस ठिपक्यांतून पापण्या कुठून येणार? हजारो अनोळखी चेहरे बघून शिकलेल्या त्या प्रोग्रॅमनं एक बरासा चेहरा रचून आजींच्या भावाच्या धडावर बसवला होता. कात्रणातला ठिपक्यांचा अण्णा आजींना ओळखता येत होता, माझा गुळगुळीत अण्णा येत नव्हता. शेवटी कात्रण आहे तसंच मोठं करून दिलं. ते भिंतीवर आहे.

हे एका घरापुरतं झालं. पण १७ जानेवारी १९५६, १ जून १९८६ असे दिवस पाळणाऱ्या आपल्या भागात गर्दीचे फोटो म्हणजे नुसती आठवण नाही, ती साक्ष आहे. १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनाचे फोटोही तसेच. त्या गर्दीत रचलेले चेहरे मिसळले की कोण तिथं होता आणि कोण नव्हता, हे पुढं कुणालाच सांगता येणार नाही.

शिलालेखांचं प्रकरण

शिलालेखांच्या बाबतीत फिल्टरांचा उपयोग खरा आहे. हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरात गोव्याच्या कदंबांचा बाराव्या शतकातला लेख आहे. असा झिजलेला लेख दुपारी बारा वाजता मोबाइलवर घेतला तर काहीच वाचता येत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड पडताना घेतला आणि वर स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवणारं फिल्टर बेतानं चालवलं, तर अक्षरं वर येतात.

पण 'बेतानं' हा शब्द महत्त्वाचा. धार वाढवणारं फिल्टर जास्त झालं की दगडावरचा प्रत्येक ओरखडा रेघ होतो, प्रत्येक खड्डा अनुस्वार होतो. आपल्या लिप्यांत एका टिंबावर, एका वेलांटीवर शब्द फिरतो. आणि आपल्या भागात एका शब्दावर काय काय फिरतं ते वेगळं सांगायला नको. इथं लेख कन्नड की मराठी, राजा कुणाचा, गावाचं जुनं नाव काय, यावर भाषणं होतात. अशा ठिकाणी फिल्टर मारलेला फोटो पुढं केला आणि समोरच्यानं मूळ फोटो मागितला, तर आपलं खरं वाचनही खोटं ठरतं. म्हणून तर अभिलेखांचे अभ्यासक ओला कागद दगडावर ठोकून शाईचा ठसा घेत आले. हाताला जे अक्षर 'वाटलं' ते त्यात घुसू नये, एवढ्यासाठी.

उलट बाजू

काही सदस्य म्हणतील, मग फोटोला हातच लावू नये. हेही मला पटत नाही. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवतच होते. आपल्या आजी-आजोबांचे हातानं रंगवलेले फोटो घराघरांत आहेत, गालावर गुलाबी आणि काठ सोनेरी. पण तो रंग वरून दिलाय हे लहान पोरालाही कळायचं. आजचा रंग रंग म्हणून कळत नाही, एवढाच फरक आणि तोच मोठा.

चांगलं उदाहरणही आपल्याच गावाचं आहे. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर युगांतर या गटानं १९८२ साली माहितीपट केला. वखारीतल्या बायका त्यात स्वतः बोलतात. अलीकडे बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेनं त्याचं डिजिटल जतन केलं. फिल्मचं वय कमी करायचं, माणसांचं नाही, हे अशा जतनाचं तत्त्व असतं. आपल्यालाही तेवढंच पाळायचं आहे.

मंडळासाठी सूचना

एक : प्रत्येक फोटोचा मूळ स्कॅन टिफमध्ये, निदान ६०० डीपीआयवर, काहीही न करता वेगळा ठेवावा. त्यावर कुणीही काम करू नये. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत मूळ समजू नये, ती आधीच दाबलेली असते.

दोन : काम नेहमी प्रतीवर आणि वेगळ्या लेयरवर करावं, म्हणजे मागं फिरता येतं. जीमिकला निकाल नव्या लेयरवर देता येतो.

तीन : फाइलसोबत चार ओळींची नोंद ठेवावी. कुठलं फिल्टर, किती प्रमाणात, कुणी, कधी.

चार : रंग भरलेला फोटो दाखवायचाच असेल तर 'रंग नंतर दिलेले, अंदाजाने' हे फोटोवरच लिहावं. खालच्या मजकुरात लिहिलं तर पुढं पाठवताना गळून पडतं.

पाच : चेहरा रचणारे प्रोग्रॅम संग्रहासाठी पूर्ण बंद. घरगुती हौसेला कुणाची ना नाही.

सहा : धुकं, धूर, धूळ, अंधार काढण्याआधी फोटो देणाऱ्या घरातल्या माणसाला विचारावं, हे काय आहे म्हणून.

सहावी सूचना आपण पाळली असती तर वखारीच्या फोटोचं जे झालं ते झालं नसतं. त्या फोटोचा मूळ स्कॅन सुदैवानं माझ्याकडे आहे. पुढच्या बैठकीत तो एकटाच पडद्यावर लावावा, आणि तो देणाऱ्या घरातल्या बाईंना बोलवून मागच्या रांगेत कोण कोण बसलंय ते त्यांच्याकडूनच ऐकावं, अशी विनंती.