मेल्या माणसाचे कीर्तन

दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट समोर असताना, प्रेताविषयी लिहू नये. हा संकेत मोडतो आहे. घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. पण सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ नुकतेच पुन्हा वाचले, पोटभर हसलो, आणि हसलो म्हणून मनाला टोचणी लागली. ती कशाची, एवढेच पाहायचे आहे.

पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने १९७४ साली हे नाटक रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन आळेकरांचेच, भाऊराव केले चंद्रकांत काळे यांनी, संगीत आनंद मोडकांचे. चाळीत राहणारे हे भाऊराव मेलेले आहेत, पण गप्प पडून राहत नाहीत. ते उठून आपल्याच मरणावर कीर्तन लावतात! बायको रमा शोक करते आहे, शेजारी एका तालात सांत्वन करीत आहेत, आणि भाऊरावांचा हट्ट एकच: जाळायचे तर जुन्या स्मशानातच. ते स्मशान तर बंद व्हायला निघालेले. नवी विद्युतदाहिनी त्यांना पसंत नाही. बिचारा नाना, त्यांचा मुलगा, हा हट्ट पुरविण्याच्या खटपटीत. (जिवंतपणी ज्याचे घरात कोणी ऐकले नसेल, त्याने मेल्यावर तरी आपले म्हणणे का सोडावे?)

अशा नाटकाला पाश्चात्त्य ‘ॲब्सर्ड’च्या पंगतीला बसविण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हां नांदेडकडच्या माणसांना त्यासाठी पॅरिसपर्यंत जाण्याचे कारण नाही. पोलिसातली नोकरी सोडून कीर्तनाला उभे राहिलेले दासगणू महाराज आमच्याच जिल्ह्यात, गोरट्याला, समाधिस्थ आहेत. कीर्तन ऐकत वाढलेल्याला ठाऊक असते की पूर्वरंगात वैराग्य सांगून झाले की उत्तररंगात आख्यान रंगते, आणि अगदी मरणाच्या दारातही बुवा श्रोत्यांना हसवून घेतात. मागे बसलेली म्हातारी पदराने डोळे पुसतापुसताच हसत असते. आळेकरांनी हा साचा जसाच्या तसा उचलला. बुवांच्या जागी फक्त प्रेत उभे केले.

पण त्या एका बदलाने सारा अर्थ फिरतो. जिवंतपणी स्वतःचे मरण पाहिल्याची गोष्ट तुकोबांनीही सांगितली आहे. त्या पाहण्यात ‘मी’ गळून पडला आणि आनंद उरला. भाऊराव मरूनही आपले मरण पाहतात, आणि ‘मी’ काही सुटत नाही. देह नासत चालला तरी माझा घाट, माझी चिता! आपला नाश माणूस किती हौसेने करून घेतो, आणि घरच्यांनाही त्यात कसे ओढतो! नाटकातले हसू तेथून येते. दुःखाला ते हसत नाही. ते हसते त्या पाठ केलेल्या सांत्वनाला, जे रडणाऱ्याला धड रडूही देत नाही.

मग टोचणी कशाची? नांदेड-लातूरच्या खेड्यांत कर्जापायी शेतकरी आपल्या हातांनी जीव देतो. मागाहून जिल्ह्याची समिती बसते आणि ते मरण मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविते. १९७४ साली स्मशानाच्या कारभारावर केलेली थट्टा या दोन शब्दांपुढे फिकी वाटते. जाणारा जातो, सातबारा आणि सावकाराची चिठ्ठी घेऊन कचेरीच्या पायरीवर उभी राहते ती त्याची बायको.

म्हणून या वाचनात माझे लक्ष भाऊरावांवरून उडून रमेवर गेले. खांदा द्यायला आलेल्यांतला एक काळ्या गॉगलवाला तिच्या मनात भरतो. प्रेक्षागृह येथे खदखदून हसते; मीही हसलो होतो. आता तसे हसवेना. नवरा गेल्या दिवशी परक्याचे स्वप्न पडावे, म्हणजे त्याआधीची किती वर्षे त्या घरात कोरडी गेली असतील! आळेकरांना हे दिसले आहे यात शंका नाही. पण ते तिथे फार थांबत नाहीत. मेलेल्याला त्यांनी अख्खे कीर्तन दिले, जितीला एक स्वप्न देऊन वाटेला लावले. नाटकाबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती लहान नाही.

पुस्तक मिटल्यावर घरात सौभाग्यवतींना विचारले, ‘‘यातले कोण लक्षात राहिले?’’ चकलीचा सोऱ्या फिरवीतच त्या म्हणाल्या, ‘‘रमा. पुढं तिचं काय झालं?’’