'देवराई' : भ्रमाचे वाचन आणि शुभंकराची दृष्टी

साहित्य-कलाकृतीतील वेड वाचताना समीक्षा बहुधा दोन टोकांना जाते. एक तर ते प्रतिभेचे वा बंडाचे प्रतीक ठरते; नाहीतर रोगाचे नाव उच्चारताच पात्राच्या बोलण्यात अर्थ शोधण्याचे प्रयोजनच उरत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट ही दोन्ही वाचने अपुरी ठरवतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

मनोविकृतीतील भ्रम समजून घेता येतो काय, हा वाद जुना आहे. कार्ल यास्पर्स यांनी १९१३ मध्ये मूळ भ्रम हा आकलनाच्या कक्षेबाहेरचा मानला. त्यापूर्वी दोनच वर्षे, श्रेबर यांच्या आत्मकथनाचे विवेचन करताना, फ्रॉइड यांनी भ्रम म्हणजे कोसळलेले जग पुन्हा उभारण्याचा प्रयत्न, असे म्हटले होते. मनोसामाजिक उपचारदृष्टी औषधांचे स्थान नाकारत नाही. मात्र रुग्णाच्या बोलण्याला त्याच्या आयुष्याचा संदर्भ असतो, हे ती गृहीत धरते.

चित्रपटातील शेषच्या (अतुल कुलकर्णी) मनाचा ताबा गावच्या देवराईने घेतला आहे. देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले हे वन. 'देवराई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरणविषयक चित्रपट म्हणून. निर्मितीमागे मात्र पुण्याच्या 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन'चे संस्थापक जगन्नाथ वाणी होते. मग चित्रपटाचा विषय वन की आजार? हा प्रश्नच चुकीचा आहे. देवराईला केवळ प्रतीक मानले, तर आजारी माणूस अदृश्य होतो. केवळ लक्षण मानले, तर त्याचे जग अदृश्य होते. शेषच्या जाणिवेत ही दोन्ही वेगळी नाहीत.

चित्रपटाचे दुसरे केंद्र बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) आहे. ब्राउन, बर्ली आणि विंग यांनी १९७२ मध्ये लंडनमधील अभ्यासातून घरातील टीका, वैरभाव व अतिगुंतवणूक यांचा आजार उलटण्याशी असलेला संबंध दाखवला. अशा संशोधनातून कुटुंबालाच आरोपी ठरवण्याचा धोका संभवतो. 'देवराई' तो टाळतो. भाऊ आणि संसार यांत ओढली जाणारी सीना थकते, पण तिचा थकवा तिचा अपराध ठरत नाही. स्वमदत गटांच्या मराठीत रूढ झालेले 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' हे शब्दही रुग्ण व आप्त यांच्यातील हेच परस्परावलंबन सूचित करतात.

येथे एक मर्यादाही नोंदवावी लागते. शुभंकराच्या दृष्टीला मध्यवर्ती स्थान मिळाले की शुभार्थीचे कथन मध्यस्थामार्फत पोचते. जेरी पिंटो यांच्या 'एम अँड द बिग हूम' (२०१२) या इंग्रजी कादंबरीत आईच्या आजाराची कथा मुलगा सांगतो. उलट स्वदेश दीपक यांच्या 'मैंने मांडू नहीं देखा' (२००३) या हिंदी पुस्तकात आजार भोगणारा लेखकच बोलतो. मराठी, इंग्रजी व हिंदीतील या कृती शेजारी ठेवल्या, तर तौलनिक अभ्यासापुढचा खरा प्रश्न दिसतो : वेडाविषयी काय लिहिले गेले, एवढेच पुरेसे नाही, त्या लेखनात बोलण्याचा अधिकार कोणाला मिळाला, हे तपासले पाहिजे.